रोमन लिब्रा किती ग्रॅमचा, आणि तो तपासत कोण असे?

तुमचे प्रश्न तीन आहेत. प्राचीन रोमचा 'लिब्रा' नेमका किती ग्रॅमचा होता, आणि एका पुस्तकात ३२२ तर दुसऱ्यात ३२७ असं का दिसतं? तो कशाकशासाठी वापरत? आणि आपल्या तोळा-शेराशी त्याचा काही धागा जुळतो का? माझी नोकरी वैधमापन खात्यात वजनं-काटे तपासण्यात गेली आणि जुन्या नाण्यांचा नाद त्याच्याही आधीचा. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण आकडा आधीच सांगून टाकतो.

लिब्रा सुमारे ३२५ ग्रॅम धरा आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन ग्रॅमची मोकळीक ठेवा. त्याचे बारा भाग, प्रत्येक भाग एक उंकिया, सुमारे २७ ग्रॅम. उंकियाचे चोवीस स्क्रिपुलुम, म्हणजे लिब्रात २८८. एक स्क्रिपुलुम साधारण १.१३ ग्रॅम भरतो. सर्वांत बारीक सिलिक्वा, म्हणजे लिब्राचा १,७२८वा भाग, ०.१९ ग्रॅमच्या आसपास. ३२७.४५ हा दशांशापर्यंत नेलेला आकडा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी रूढ केला आणि तो विश्वकोशांतून आजही फिरतो. गणराज्यकाळातल्या नाण्यांवर फार मोठं काम केलेल्या मायकेल क्रॉफर्ड यांनी ३२४ धरला. दोघांपैकी कोणीही चुकीचा नाही. दोघांचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे.

मूळ प्रमाण लिब्रा आज कुठल्याही संग्रहालयात नाही. मिळालेल्या वस्तूंवरून मागे जात तो आपण काढतो. पहिली वाट सोन्याच्या नाण्यांची. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो की सम्राट नीरोच्या काळी एका लिब्रा सोन्यातून ४५ ऑरेयस, म्हणजे सोन्याची नाणी, पाडत. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून एका लिब्रात ७२ सॉलिडस, म्हणजे नवी सोन्याची नाणी, हे प्रमाण कायद्याने ठरलं. म्हणजे न झिजलेलं नाणं घ्यायचं, तोलायचं आणि ४५ने किंवा ७२ने गुणायचं. दिसायला सरळ आहे, पण टांकसाळीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. लिब्राभर सोन्यातून ठरलेली नाणी काढताना कुठलीही टांकसाळ पदरचं सोनं घालत नाही. नाणं हलकं निघण्याची शक्यता जड निघण्यापेक्षा नेहमी जास्त. त्यात झीज. म्हणून सरसकट सरासरी घेतली की लिब्रा ३२३च्या आसपास येतो आणि सर्वांत जड, कोरी नाणी निवडली की ३२७कडे सरकतो. तुम्हाला दिसलेल्या फरकाचं मुख्य कारण हेच.

दुसरी वाट प्रत्यक्ष वजनांची. रोमन वजनं बहुधा कठीण, काळसर-हिरव्या दगडाची, वरून-खालून सपाट केलेल्या गोळ्याच्या आकाराची असत. माथ्यावर लिब्राचा रोमन अंक, अर्ध्या लिब्रासाठी 'एस' अक्षर, उंकियांसाठी तितके ठिपके. काशाची आणि शिशाचीही भरपूर सापडतात. यातली दगडाची मला सर्वांत भरवशाची वाटतात. काशावर गंज चढला की वजन वाढतं, गंज झडला की घटतं. शिसं तर मऊ, कोपरे सहज झिजतात. दगडाचा मात्र टवका उडालेला असेल तर तो डोळ्यांना दिसतो. पण दगडातही एकाच खुणेची दोन वजनं शेकड्यामागे दोन-तीनने सहज वेगळी भरतात. दुकानातल्या वजनाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवूही नये. आपल्याकडेसुद्धा बाजारातल्या लोखंडी वजनाला अनुज्ञेय त्रुटी असते. शंभर दुकानांतली वजनं जमवून सरासरी काढली म्हणून प्रमाण किलोग्रॅम हाती लागत नाही.

तिसरा पुरावा चांदीच्या भांड्यांचा. श्रीमंत रोमन घरांत ताटा-वाट्यांच्या बुडाशी वजन टोचून लिहिण्याची पद्धत होती, इतके लिब्रा, इतक्या उंकिया, इतके स्क्रिपुलुम. लेखी वजन आणि आजचं वजन समोरासमोर ठेवता येतं, म्हणून हा पुरावा मोहात पाडतो. पण भांड्याचा कान तुटलेला असतो, पाया निसटलेला असतो, जमिनीतून काढल्यावर साफ करताना चांदी उतरलेली असते. इथून निघणारा लिब्रा बहुतेकदा कमीच भरतो. चौथा पुरावा मापाचा. गणराज्यकाळातल्या एका कायद्यानुसार एक 'काँगियस' माप वाइन दहा लिब्रा भरली पाहिजे आणि आठ काँगियसांचं मोठं माप ऐंशी लिब्रा. इ.स. ७५ची, वेस्पाशियनच्या नावाची आणि 'कॅपिटॉलवर तपासलेलं' अशा मजकुराची एक काशाची कुपी फार्नेसे काँगियस म्हणून प्रसिद्ध आहे आणि जुन्या अभ्यासकांनी तिच्यावरूनही लिब्रा काढला. तिच्या अस्सलपणाबद्दल पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या, त्यामुळे तिच्यावर मी काहीच उभारणार नाही.

चारही वाटा एकत्र ठेवल्या की ३२२ ते ३२७ हा पट्टा मिळतो. यापेक्षा बारीक आकडा सांगणं म्हणजे रोमन काट्यात नसलेली अचूकता त्याच्या माथी मारणं. तुम्ही नाण्यांचं गणित करत असाल तर ३२४ घ्या. तेल, मांस, धान्य यांचा अंदाज करायचा असेल तर ३२५ घ्या, तोंडी हिशेब सोपा जातो.

पण लिब्रा समजून घ्यायचा तर ग्रॅम बाजूला ठेवून त्याची वाटणी बघावी लागते. रोमन लोक अख्ख्या वस्तूला 'अस' म्हणत आणि तिच्या बाराव्या भागाला उंकिया. एकापासून अकरापर्यंत प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव होतं: दोन उंकिया म्हणजे सेक्स्टान्स, तीन क्वाड्रान्स, चार ट्रिएन्स, सहा सेमिस, नऊ डोड्रान्स. बाराला निम्मे, तिसरा, चौथा आणि सहावा असे सगळे भाग अपूर्णांकाशिवाय जातात. दुकानदाराला, सावकाराला आणि वाटणी करणाऱ्या भावंडांना आणखी काय हवं? आपल्याकडचा सराफही शतकानुशतकं आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा याच सोयीने चालवत आला. रोमशी त्याचं नातं नाही; एकच गरज दोन ठिकाणी सारखी सुटली.

ही वाटणी वजनापुरती राहिली नाही. वारसाहक्कात इस्टेट म्हणजे एक अस आणि वारसांना उंकिया. ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्रात ऑक्टाव्हियनला डोड्रान्स, म्हणजे बारापैकी नऊ भाग मिळाले आणि उरलेले तीन इतर दोघा नातेवाइकांना, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. जमिनीतही तेच. युगेरुम हे रोमन जमीनमोजणीचं एकक २८,८०० चौरस फुटांचं, आणि त्याचा २८८वा भाग म्हणजे दहा फूट बाय दहा फूट जागा, तिलाही स्क्रिपुलुमच म्हणत. काटा हातात न धरताही रोमन माणूस लिब्राच्या भाषेत हिशेब करत होता.

आता उपयोग. सर्वांत जुना उपयोग दुकानातला नसून कायद्यातला दिसतो. जमीन, गुलाम, बैल, घोडा यांची मालकी बदलायची तर पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला, आणि सहावा माणूस काशाचा तराजू धरून उभा. घेणारा वस्तूवर हात ठेवून ती आपली असल्याचं सांगतो, काशाचा तुकडा तराजूवर आपटतो आणि तो देणाऱ्याला देतो. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस हा विधी नीट वर्णन करून ठेवतो. त्याच्या काळापर्यंत त्यात खरोखर काही तोलत नसत. मुळात मात्र नाणं नव्हतं तेव्हा कांसं तोलूनच किंमत दिली जात होती आणि तराजू धरणारा माणूस व्यवहाराचा निःपक्ष साक्षी होता. इ.स.पू. ४५०च्या सुमाराच्या बारा कोष्टकांच्या कायद्यात, म्हणजे रोमच्या सर्वांत जुन्या लेखी कायद्यात, कर्जबुडव्याच्या बेडीचं वजन पंधरा लिब्रा लिहिलेलं आहे, आणि कैदेत स्वतःची सोय नसेल तर धनकोने त्याला रोज लिब्राभर जुन्या जातीचा गहू द्यावा असंही. पावणेपाच-पाच किलोची बेडी आणि सव्वातीनशे ग्रॅम धान्य. गरीब रोमनाचा राज्याच्या वजनाशी संबंध अशाही प्रकारे येत होता.

कांशाचं नाणं आलं तेही वजन म्हणूनच. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला ओतीव 'अस' हातात मावणार नाही इतका मोठा, सुरुवातीला जवळजवळ अख्ख्या लिब्राचा. एका बाजूला दोन तोंडांचा जेनस, दुसऱ्या बाजूला गलबताचं टोक आणि वजनाची खूण. हॅनिबलशी चाललेल्या युद्धाने तिजोरी रिकामी केली तसा हा अस झपाट्याने उतरत गेला. इ.स.पू. २११च्या सुमारास चांदीचा डिनारियस आला तेव्हा अस दोन उंकियांवर होता, इ.स.पू. ९१-९०च्या सुमारास कायद्याने तो अर्ध्या उंकियावर आणला. नाव तेच, नाणं चोविसावा हिस्सा. लिब्रा मात्र जागचा हलला नाही. इथे एक गोष्ट नीट पाहा: नाणं घसरतं तेव्हा राज्यकर्ते लिब्राला हात लावत नाहीत, लिब्रातून निघणाऱ्या नाण्यांची संख्या बदलतात. डिनारियस आधी ७२, मग ८४, नीरोनंतर ९६. सोन्याचा ऑरेयस सीझरच्या वेळी ४०, नीरोच्या वेळी ४५, काराकालाच्या वेळी ५०, डायोक्लेशियनच्या वेळी ६०, आणि कॉन्स्टंटाइनचा सॉलिडस ७२. जाहीर न केलेली कपात मोजायला आपल्याला आज पट्टी मिळते ती यामुळेच.

लिब्राने सार्वजनिक नीतीही मोजली. इ.स.पू. २७५मध्ये कॉर्नेलियस रुफिनस या दोनदा कॉन्सल, म्हणजे राज्याचा सर्वोच्च अधिकारी, झालेल्या सेनानीला सेन्सॉर, म्हणजे नागरिकांची नोंद आणि नीती पाहणारा अधिकारी, असलेल्या फाब्रिशियसने सिनेटमधून काढलं, कारण त्याच्या घरी दहा लिब्रा चांदीची भांडी होती. जेमतेम सव्वातीन किलो. इ.स.पू. २१५च्या ओप्पियन कायद्याने बाईला अर्ध्या उंकियापेक्षा जास्त सोनं बाळगायला बंदी केली. हिशेब केला तर ते साडेतेरा ग्रॅम, म्हणजे जुन्या सव्वा तोळ्याच्याही आतच. वीस वर्षांनी, इ.स.पू. १९५मध्ये, रोमच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि तो कायदा रद्द झाला.

वजनात लबाडी होणार हे रोमन समाजाने गृहीतच धरलेलं होतं. गॉल लोकांनी रोम लुटलं तेव्हा हजार लिब्रा सोन्याची खंडणी तोलताना खोटी वजनं आणली आणि तक्रार केल्यावर त्यांच्या सरदार ब्रेन्नसने आपली तलवारही पारड्यात टाकली, ही रोमन इतिहासकार लिव्हीची कथा सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून भीषण वाटते ती ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने नोंदवलेली इ.स.पू. १२१ची गोष्ट. गायस ग्राकस या सुधारक पुढाऱ्याच्या डोक्याच्या वजनाइतकं सोनं बक्षीस म्हणून जाहीर झालं होतं. ते शीर आणणाऱ्याने आतला मेंदू काढून वितळलेलं शिसं ओतलं, आणि तोलल्यावर ते सतरा लिब्रा आणि दोन तृतीयांश भरलं. पावणेसहा किलो.

म्हणूनच लिब्रा इतकी शतकं कसा टिकला याचं उत्तर मी तपासणीत शोधतो. वजन दगडाचं की काशाचं याने काही ठरत नाही. ते कोणाशी ताडून पाहिलं आणि कोणाच्या नावाने बाजारात आलं याने ठरतं. रोममध्ये प्रमाण वजनं-मापं कॅपिटॉल टेकडीवर होती. इ.स. ७७मध्ये 'कॅपिटॉलवर तपासला' असं कोरलेला एकदांडी काटा व्हेसूव्हियसने गाडलेल्या भागात सापडला आहे. काही वजनांवर कॅस्टरच्या मंदिरात ताडल्याची नोंद आहे. मंदिर फोरममध्ये, शहराच्या मुख्य चौकात, म्हणजे सावकार आणि सराफ बसत तिथेच. आणि बऱ्याच दगडी वजनांवर नगराधिकारी क्विंटस युनियस रुस्टिकसच्या अधिकाराने असा मजकूर आहे. हा रुस्टिकस १६०च्या दशकात रोमचा नगराधिकारी होता आणि सम्राट मार्कस ऑरेलियसचा तत्त्वज्ञानातला गुरू. सम्राटाचा गुरू दगडी वजनांवर आपलं नाव कोरायला देतो, यावरून त्या कामाची प्रतिष्ठा कळते. आपल्याकडच्या लोखंडी वजनाच्या बुडाशी शिशाची गोळी ठोकलेली असते, त्या शिशावर निरीक्षकाची मुद्रा आणि वर्षाची खूण असते. शिसं उचकटलेलं दिसलं की वजन जप्त. रोमन वजनावरचं अधिकाऱ्याचं नाव हेच काम करत होतं.

तपासणी मोठ्या प्रमाणावर कशी चालते ते पाहायचं तर रोममधल्या मोंते तेस्ताच्चोकडे जावं. नदीबंदराजवळची ही सुमारे पस्तीस मीटर उंचीची टेकडी पूर्ण फुटक्या रांजणांची आहे, बहुतेक दक्षिण स्पेनमधून आलेल्या ऑलिव्ह तेलाच्या. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक हाइनरिख ड्रेसेलने त्या खापरांवरचा शाईचा मजकूर वाचला. रांजणाच्या गळ्यापाशी रिकाम्या रांजणाचं वजन, त्याखाली व्यापाऱ्याचं नाव, मग आतल्या तेलाचं वजन, आणि बाजूला तिरक्या अक्षरांत तपासणीची नोंद: ठिकाण, वजनाची खात्री, कारकुनाची खूण, कॉन्सलांच्या नावाने वर्ष. रिकामा रांजण तीसएक किलो आणि आत साधारण २१६ लिब्रा, म्हणजे सत्तर किलो तेल. निव्वळ वजन वेगळं आणि बारदानाचं वेगळं! आवेष्टित मालावर निव्वळ वजन छापा, म्हणून आम्ही व्यापाऱ्यांच्या मागे लागत असू, ती अट स्पेनमधल्या कारकुनाने दुसऱ्या शतकात पाळलेली पाहिली की मन भरून येतं.

औषधांत लिब्रापेक्षा त्याचे बारीक भाग महत्त्वाचे. पहिल्या शतकातला केल्सस आपल्या वैद्यकग्रंथात औषधांचे योग देण्याआधी स्पष्ट करतो की त्याची उंकिया सात डिनारियसांची आहे आणि डिनारियसचे तो सहा भाग करतो. सात गुणिले बारा म्हणजे ८४, प्लिनीने दिलेल्या प्रमाणाशी बरोबर जुळणारं. वैद्याने वजनाऐवजी नाणंच वापरलं, कारण रुग्णाच्या घरी स्क्रिपुलुमचं वजन नसेल पण डिनारियस असेल. यात धोकाही होता. नीरोने नाणं ९६वर आणल्यावर जुन्या ग्रंथातला योग नव्या नाण्याने तोलला तर मात्रा कमी पडणार. पुढे युरोपच्या औषधनिर्मात्यांनी लिब्रा-उंकिया-स्क्रिपुलुम ही उतरंड मधे ग्रीक ड्रॅक्म घालून जशीच्या तशी चालवली: बारा औंस, ९६ ड्रॅम, २८८ स्क्रुपल. इंग्लंडमध्ये हे औषधी वजन कायद्याने बंद झालं ते १९७१मध्ये.

भारताचा माल लिब्रात तोलला गेल्याची नोंदही प्लिनीच देतो. लिब्राभर पिंपळी १५ डिनारियस, पांढरी मिरी ७, काळी मिरी ४. नीरोनंतरच्या ९६च्या प्रमाणाने चार डिनारियस म्हणजे लिब्राचा चोविसावा भाग, अर्धी उंकिया नाण्याची चांदी. लिब्राभर काळ्या मिरीला साडेतेरा ग्रॅम चांदी. ही मिरी मलबारची, मुझिरिस बंदरातून जाणारी. आपल्या बाजूची वाट भडोचची. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर, म्हणजे आजच्या तेरहून, कापड गाड्यांत भरून भडोचला जातं असं लिहिलं आहे. तिथेच अशीही नोंद आहे की रोमन सोन्या-चांदीची नाणी भडोचच्या चलनात बदलताना फायदा होतो. इथे रोमन सम्राटाच्या शिक्क्याला कायद्याचं बळ नव्हतं, धातू आणि वजन पाहूनच नाणं चालत असणार. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८मध्ये सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छेद मारलेला आहे. चलनातून बाद करून ती सोनं म्हणून ठेवण्यासाठी तसं केलं असावं, हा अर्थ मला पटतो. मिरीची लिब्रावरची सद्दी पुढेही राहिली. इ.स. ४०८मध्ये गॉथांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा त्याने पाच हजार लिब्रा सोनं आणि तीस हजार लिब्रा चांदीबरोबर तीन हजार लिब्रा मिरीही मागून घेतली, जवळजवळ एक टन.

आता सॉलिडस. लिब्राचं खरं कर्तृत्व मी इथे पाहतो. तिसऱ्या शतकात चांदीचं नाणं नावापुरतं उरलं होतं. डायोक्लेशियनने ३०१मध्ये किमतींचा जाहीरनामा काढला: इटालियन लिब्राभर डुकराचं मांस १२ डिनारियस, गोमांस ८, आणि लिब्राभर सोनं ७२,००० डिनारियस. दर कागदावर राहिले. त्यानंतर कॉन्स्टंटाइनने एका लिब्रातून ७२ सॉलिडस पाडायला सुरुवात केली, प्रत्येक साधारण साडेचार ग्रॅमचा, म्हणजे बरोबर चार स्क्रिपुलुम किंवा चोवीस सिलिक्वा. हे प्रमाण पूर्वेकडच्या साम्राज्यात सुमारे सातशे वर्षं मोडलं नाही. शुद्ध सोन्याचे चोवीस कॅरट आपण मोजतो ते या चोवीस सिलिक्वांवरूनच आलेत. सिलिक्वा म्हणजे भूमध्य प्रदेशातल्या कॅरोब झाडाची बी. सगळ्या बिया नेमक्या सारख्या वजनाच्या असतात हा समज खोटा आहे, त्याही इतर बियांसारख्या कमीजास्त भरतात. वजन लिब्रावरून ठरत होतं, बी नावापुरती होती.

सॉलिडस टिकला तो राज्याने स्वतःची वसुली त्याच काट्यावर करायचं मान्य केलं म्हणून. कर सोन्यात घेताना नाणी मोजून पुरत नसत, तोलूनही घ्यावी लागत. ७२ कापलेली, घासलेली नाणी लिब्रा भरत नाहीत. मग तोलणारा सरकारी माणूस काट्यात खोट करेल त्याचं काय? ३२५चा कायदा यावर बोलतो. पारडी समान हवीत, वजनं बरोबर हवीत, तराजूच्या दोरीचं वरचं टोक दोनच बोटांत धरावं, उरलेली तीन बोटं वसुली करणाऱ्याच्या दिशेने मोकळी राहावीत, म्हणजे वजनाचं पारडं दाबता येणार नाही. हातकाट्यावर दांडी कशी मारतात हे ज्याने बाजारात पाहिलं आहे त्याला या तीन बोटांचं महत्त्व सांगावं लागत नाही. करंगळी किंवा अनामिका दोरीला, दांडीला नकळत टेकते, आणि पारडं पाहिजे तिकडे झुकतं. सम्राटाच्या कायद्यात बोटांची संख्या लिहिली आहे आणि ती कर देणाऱ्याच्या बाजूने लिहिली आहे. वजन-मापांच्या कायद्यांत मी वाचलेल्या कलमांपैकी हे मला सर्वांत शहाणं वाटतं.

३६३मध्ये सम्राट जुलियनने पुढचं पाऊल टाकलं. कापलेल्या सॉलिडसवरून घेणाऱ्या-देणाऱ्यांत भांडणं होतात म्हणून प्रत्येक शहरात विश्वासू 'झिगोस्टाटेस', म्हणजे अधिकृत तोलणारा, नेमायचा आणि वाद त्याने तोडायचा. सोबत एकेका सॉलिडसला ताडायची चपटी काशाची वजनं आली, सराफाच्या पेटीत राहतील अशी. बायझंटाइन काळात ती काचेचीही झाली. काच निवडणाऱ्याला हा धंदा पक्का ठाऊक असणार: काच गंजत नाही, कानशीने घासली तर ओरखडा लपत नाही, तुकडा उडाला तर पहिल्या नजरेत दिसतो. अरबांनी इजिप्त जिंकल्यावर काचेची वजनं तशीच चालू ठेवली, फक्त त्यांवर आता मुसलमान अधिकाऱ्यांची नावं आली. सॉलिडसवर कोरलेल्या 'कॉनोब' या अक्षरांतलं शेवटचं 'ओब' शुद्ध केलेल्या सोन्याचं संक्षिप्त रूप म्हणून वाचतात. ग्रीक अंकांत त्याच अक्षरांची किंमत ७२ होते. दोन्ही वाचनं मला एकत्र नांदू शकतील अशी वाटतात.

साम्राज्यानंतर लिब्राचे रस्ते फुटले. पश्चिमेत फ्रँकांचा राजा शार्लमेनने ७९३-९४च्या सुमारास वजनदार पौंड आणून त्यातून २४० चांदीची नाणी काढली, आणि वीस शिलिंग गुणिले बारा पेन्स हा हिशेब ब्रिटनमध्ये १९७१पर्यंत चालला. पूर्वेत खलिफा अब्द अल-मलिकने ६९६-९७मध्ये आपला दिनार ४.२५ ग्रॅमवर ठरवला आणि सॉलिडसपासून मुद्दाम वेगळा केला. लिब्राचा ग्रीक भाऊ लिट्रा अरबी व्यापारात रतल झाला, आणि तोच शब्द मुंबईच्या बाजारात इंग्रजी पौंडासाठी 'रत्तल' म्हणून रुळला. चहाची पुडी रत्तलात मागणारी माणसं मी स्वतः ऐकली आहेत.

तोळ्याचा प्रश्न यातूनच सुटतो. तोळा रोमहून आलेला नाही, तो इथलाच, आणि गावोगाव वेगळा होता. पण त्याला कायद्याचा पक्का आकडा मिळाला तो कंपनी सरकारने १८३३मध्ये रुपयाच्या वजनाशी जोडून १८० ट्रॉय ग्रेन (ट्रॉय म्हणजे सोन्या-चांदीची इंग्रजी वजनपद्धत) ठरवला तेव्हा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. ट्रॉय पौंड ५,७६० ग्रेनचा, बारा औंसांचा. वजन लिब्रापेक्षा जास्त, ३७३ ग्रॅम, पण वाटणी रोमन. त्याच नियमाने ऐंशी तोळ्यांचा शेर बरोबर अडीच ट्रॉय पौंड आणि चाळीस शेरांचा मण बरोबर शंभर ट्रॉय पौंड बसवला होता. हे आकडे योगायोगाने इतके गोल आलेले नाहीत, मण ट्रॉय पौंडात मावावा म्हणून तोळा तसा ठरवला गेला. ब्रिटनने १८७८च्या कायद्याने ट्रॉय पौंड रद्द केला आणि औंस तेवढा ठेवला. आपल्याकडे १९५६च्या कायद्यानंतर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. आज सराफ तोळा म्हणून दहा ग्रॅम देतो, पण ज्या जागतिक भावावरून तो दर काढतो तो अजूनही ३१.१०३५ ग्रॅमच्या ट्रॉय औंसावर सांगितला जातो.